आईचा मंगळवार

नागपूर, २ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईस, सईचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तू ‘बरी आहे’च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. केमोच्या आधी उपवास केला तर औषधाचा त्रास कमी होतो, असा लेख मी तुला पाठवला होता. मग तो पुन्हा नीट वाचला. स्तनाच्या कर्करोगात असे प्रयोग थोड्याच बायकांवर झालेत, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि निष्कर्ष अजून पक्के नाहीत. तेव्हा विचारल्याशिवाय काही करू नकोस.

यावंसं फार वाटतं, पण नव्या नोकरीतली सगळी रजा तुझ्या ऑपरेशनसाठी राखून ठेवली आहे. ऑफिसात कुणाच्या बांगड्या वाजल्या की तूच आलीस असं वाटून मान वर होते.

लेकीवरचा लोभ औषधासारखा वेळेवर पाठवत जा.
सई

करंजाडे, ७ फेब्रुवारी

चि. सईस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येईपर्यंत माझा उपवास सुरूही झाला होता. काल डॉक्टरबाईंना ऐटीत सांगितलं. त्यांनी विचारलं, की काय खाता? म्हटलं, साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, की कुमुदताई, हा उपवास नाही, मेजवानी आहे. तुझे बाबाही हसले. खिचडी त्यांनीच जास्त ओरपली होती. मग मला काट्यावर उभं केलं आणि हसणं थांबलं. वजन पुन्हा उतरलंय. कसलाच उपवास तुमच्यासाठी नाही, आणखी उतरलं तर वीस तारखेचा डोस पुढे ढकलावा लागेल, म्हणाल्या.

एक त्यांना सांगितलं नाही. गेला महिनाभर मी मंगळवार धरलाय, नुसत्या पाण्यावर, तू घरी येईपर्यंत. देवापुढे बोलून बसले, आता मोडू कसा? मासेवाली गोदूबाईसुद्धा रागावली, की ताई, तुमच्या अंगात ताकद नाय, देवाला काय ते दिसत नाय?

बाबांना कळवू नकोस.
वाटेकडे डोळे लावलेली,
आई

नागपूर, ११ फेब्रुवारी, मंगळवार

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

आधी रागावले, मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. मला बोलवायला तू उपाशी राहतेस, आणि मी तुझ्यासाठीच इथे थांबले आहे.

आजीला टायफॉइड झाला तेव्हा तिचा सोमवार तू केलास. आजारी माणसाचं व्रत घरातल्याने चालवलं तर ते मोडत नाही, हे तूच मला शिकवलंस. तर तुझा मंगळवार मला दे. अगदी तुझ्यासारखाच करेन, चहासुद्धा नाही. आजपासून धरलाही. देवाला फक्त नाव बदलून सांग. आणि डॉक्टरबाईंना खरं सांग, नाहीतर बाबांकडे चुगली करेन.

रागावलीस तरी चालेल, पण जेव.
सई

करंजाडे, २० फेब्रुवारी

चि. सईस, उदंड आशीर्वाद.

देवापुढे तुझं नाव घेतलं. डॉक्टरबाईंना सांगितलं, या वेळी त्या हसल्या नाहीत.

परवा मंगळवारी बाबांनी मऊ वरणभात पुढे ठेवला. तू तिकडे उपाशी, हे मनात आलं आणि घास हातातच राहिला. माझं पत्र वाचून तुला असंच झालं असेल. मग जेवले. भात दोनदा घेतला. आज काट्यावर वजन उतरलेलं नव्हतं, डोस मिळाला.

रजा मोडू नकोस, ऑपरेशनलाच ये. पुढच्या मंगळवारी जेवायला बसले की तुला फोन लावीन. काही बोलू नकोस. मी जेवतेय, तेवढं ऐक.

तुझी,
आई