लिंबाचा वास कुणी चोरला?

१२ जानेवारी
सर्दी गेली. यंदाच्याही वाइनची ब्लेंड, दोन द्राक्षांचं मिश्रण, मीच ठरवणार. संकल्प: सोव्हिन्यों साठ टक्के, सेमियों चाळीस. चर्चा नाही.

१९ जानेवारी, सकाळी नऊ
सोव्हिन्योंच्या टाकीतून ग्लास भरला. लिंबाचा वास नाही. सेमियोंत मध नाही. वाइन कुणीतरी बदललीय. शेजारच्या द्राक्षमळ्याचा लाबोर्द काल कुंपणापाशी घुटमळत होता. पाना हरवला म्हणे.
तळघराला नवं कुलूप.

२६ जानेवारी, रविवार
कालवं आणली, सोबत गरम सॉसेज. कालवांना समुद्राचा वासच नाही! देस्पूजबाईला तोंडावर विचारलं, शिळी विकतेस का? म्हणाली, "पहाटे काढलीत. तीस वर्षं नेतोयस, आजच काय झालं तुला?" नजर वळवली नाही. सराईत आहे.
बायकोने, ओदीलने, डझनभर खाल्ली. तीही सामील?

८ फेब्रुवारी
ओदील आणि सून क्लेमांस तळघरात कुजबुजत होत्या. मी जाताच गप्प. क्लेमांसच्या हातात मोजपात्र. म्हणाली, "काही नाही पपा, टाकी धुतेय." चांगला स्वेटर घालून? कुलपाची किल्ली कुणी दिली? (मीच दिली होती. पण यासाठी नव्हे.)
दोघी माझं प्रमाण लाबोर्दला पुरवतायत.

२० फेब्रुवारी
दूध करपलं. मी शेजारीच पेपर वाचत होतो. क्लेमांस खोकत आली, खिडक्या उघडल्या, माझ्याकडे बघतच राहिली. हिनेच गॅस मोठा केला असणार.

३ मार्च
ब्लेंड झाली. साठ-चाळीस. वास घेतला नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाला गरज काय? ओदील म्हणाली, "छान. चल जेवायला." इतक्या सहज ही कधी हो म्हणत नाही.

१७ एप्रिल
परवा बोर्दोचा व्यापारी येतोय. त्याने वाइन घेतली नाही तर मळा विकावा लागेल, असं क्लेमांस म्हणते. घाबरट. जेवण मी ठरवलं: कालवं, अ‍ॅस्परॅगस, बकरीचं चीज. बोलणारही मीच. लाबोर्दलाही बोलावलंय. डोळ्यांसमोर राहील.

१९ एप्रिल, दुपारी
आधी गेल्या वर्षीची बाटली उघडली. ग्लास फिरवला, नाक घातलं, म्हणालो: लिंबाची साल, पांढरी फुलं, मागून मध, कालवांना याहून चांगली जोड नाही. ग्लास संपवला. दुसरा भरला. बाकी कुणी पीत नव्हतं. व्यापाऱ्याने रुमाल तोंडाला लावला. शेवटी लाबोर्दच हळूच म्हणाला, "अरे अँसेल्म, बूच खराब निघालंय. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतोय."
ओदीलने यंदाची बाटली ठेवली. व्यापारी एक कालव, एक घोट असं करत राहिला. प्रमाण विचारलं. मी साठ-चाळीस म्हणालो. क्लेमांस ताटाकडे बघत म्हणाली, "पस्तीस-पासष्ट. पपा, सॉरी. फेब्रुवारीपासून आम्हीच चाखून बघत होतो. तुमची ब्लेंड वेगळ्या टाकीत ठेवलीय."
त्याने सगळी वाइन घेतली. त्यांची.

२२ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, त्या सर्दीत वास गेला. परत येईल किंवा येणार नाही.
ओदीलला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तू रोज सकाळी ग्लासात नाक घालून इतका वेळ उभा राहायचास. धीरच झाला नाही."
मग तिने ग्लास भरला, शेजारी बसली. म्हणाली, "आधी हिरवं सफरचंद. आता ओलं गवत. आलं का?"
नाही आलं. तसं सांगितलं.
म्हणाली, "बरं. मग उद्यापासून लेबलं चिकटव. चारशे पेट्या आहेत."