बाबांच्या नावेवरचं छत

एल एस्तोर, १२ फेब्रुवारी १९९१

ती. एफ्राईनदादास,
ओतिलियाचा सा. न. वि. वि.

सरोवर शांत आहे, घर नाही. बाबांच्या उजव्या कानावरचा खवल्यासारखा चट्टा डॉक्टरांनी कापून तपासायला पाठवला होता. तो वाईट निघाला. जन्मभर उघड्या नावेतून माणसं पलीकडच्या काठावर मारिस्कोसला पोचवली, ते ऊन आता कानात उतरलंय म्हणाले. यापुढे उन्हात बसायचं नाही. त्यावर बाबांनी विचारलं, मग काय घुबडासारखी रात्री नाव चालवू?

तू पुएर्तो बारियोसला परक्यांच्या बोटींना छतं शिवतोस आणि बापाची नाव बोडकी, असं धक्क्यावरच्या बायका मला ऐकवतात. तुला टोचावं म्हणूनच लिहिते आहे. इथे बाजारात निळं प्लास्टिक मिळतं. तेच आणून ताणू का?

माया तर तू पत्रातून पाठवतोसच, या खेपेला जरा कापडातून पाठव.
तुझी ओतिलिया


पुएर्तो बारियोस, २० फेब्रुवारी

चि. ओतिलियास अ. उ. आ.

पत्र मिळालं. प्लास्टिक आणू नकोस. एका उन्हाळ्यात त्याच्या चिंध्या होतात आणि तोवर खाली भट्टी पेटते. मी जाड कॅनव्हास घेतलाय. वरून पांढरट, म्हणजे ऊन परततं. खालून गडद हिरवा, म्हणजे पाण्यावरून उसळणारी तिरीप डोळ्यांत जात नाही. उंची बाबा उभे राहिले की डोक्यावर चार बोटं, जास्त नाही. उंच छत वारा धरतं.

कोपऱ्यांना सुटत्या गाठी मारल्यात, टोक ओढलं की मोकळ्या होतात. दुपारचा वारा सुटायच्या आधी छत उतरवायचं. सुटल्यावर उतरवू म्हणणारे बुडतात. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी साध्या पाण्याने धू, ब्रशने खरवडू नकोस. ओलं गुंडाळलंस तर बुरशी धरेल. कापडाआधी शिवण जाते, तेव्हा अधूनमधून तिच्यावर नख फिरवून बघ.

बाबा नको म्हणतील. म्हणू देत. मालक रजा देत नाही, नाहीतर मीच आलो असतो. मी घाबरलोय हे त्यांना सांगू नकोस.

तुम्हा दोघांना पाण्याने सांभाळावं, एवढंच मागणं.
एफ्राईन


एल एस्तोर, ९ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

छत बसने पोचलं. बाबा बघून म्हणाले, माझी नाव म्हणजे संत पेद्रोच्या जत्रेतलं मिठाईचं दुकान नाही. कितीतरी दिवस ते कोपऱ्यात पडून होतं. मग एकदा भर उन्हात कानाची जखम अशी पेटली की घरी आल्यावर त्यांनी खांब उभे केले.

आता बाजारच्या बायका दुसऱ्या नावा सोडून बाबांकडे येतात. केळी विकणाऱ्या आजीबाई, दोन्या त्रान्सितो, म्हणाल्या, आज मी राणीसारखी सरोवर ओलांडून आले. बाबा हसले. मी ते हसू विसरले होते.

पण दादा, तुझ्या सुटत्या गाठी त्यांनी सोडून पक्क्या आवळल्यात. कापड फडफडतं म्हणे. आणि दुपारीही ते छत उतरवत नाहीत. मी बोलले, तर तू पाळण्यात होतीस तेव्हा या पाण्यावर कोण होतं, असा सवाल आला. मला वाटतं, त्यांना आता उन्हाची भीती बसलीय. तसं म्हणवत नाही, म्हणून वाऱ्याला भीत नाहीत असं दाखवतात.

तू चार शब्द लिही. माझे चारशे वाया गेले.
ओतिलिया


पुएर्तो बारियोस, १७ एप्रिल

ती. बाबांस एफ्राईनचे साष्टांग नमस्कार.

तुम्हाला सरोवर शिकवण्याची माझी लायकी नाही. पण कापड मी ओळखतो. वाऱ्यात ते छत राहत नाही, शीड होतं. तुमची नाव शिडाची नाही. गाठी सुटत्या ठेवा. रागवायचं तर रागवा, पण ठेवा.

आपला,
एफ्राईन


एल एस्तोर, ३ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

सगळे जिवंत आहेत, हे आधी वाच.

परवा परतीच्या वाटेवर वारा आला. बाबांना तो लांबून दिसला होता, पण ऊन कडक होतं. जवळ आला की उतरवू म्हणाले. तो आला तेव्हा नाव एका कुशीवर गेली आणि पाणी आत घुसलं. गाठी सुटेनात. बाबांनी सुरीने दोऱ्या कापल्या, छत उडून सरोवरात गेलं. नाव सावरली, पण खांब दोन्या त्रान्सितोंच्या हातावर पडला आणि हाड मोडलं. कुशीतला नातू त्यांनी तरीही सोडला नाही.

बाबा रोज त्यांच्याकडे माशांचं कालवण घेऊन जातात, दारात ठेवून परत येतात. नावेकडे फिरकत नाहीत. कानामागे नवी गाठ आलीय. तुझं पत्र ते खिशात घेऊन हिंडतात.

नाव मी चालवायची ठरवलीय. दुसरं छत शीव.
ओतिलिया


एल एस्तोर, २१ जून

चि. एफ्राईन यास आशीर्वाद.

माझं अक्षर तुला लागेल तसं लाव.

तुझं दुसरं छत ओतिलियाच्या नावेवर बसलं. काल दुपारी ती माणसं भरून निघाली. सरोवर ताटासारखं सपाट होतं, आणि हिने धक्का सोडता सोडताच छत उतरवलं. उन्हात बसलेले कुरकुरले. माझ्याशेजारचे नावाडी हसले, पोरगी घाबरट आहे म्हणाले. मीही पूर्वी तसाच हसलो असतो.

थोड्या वेळाने वारा आला. मी धक्क्यावर उभा होतो. तिची नाव सरळ गेली.

त्रान्सितोंनी काल दार उघडलं. कालवणात मीठ कमी असतं म्हणाल्या, आणि बसायला सांगितलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी राजधानीत माझा कान काढणार आहेत. तुला जमलं तर ये, मालक नाही म्हणाला तर राहू दे. पण त्या कापडाचा तुकडा उरला असेल तर मला एक टोपी शिवून आण. कडा रुंद ठेव.

तुझा बाप,
क्रिसान्तो