सोमाजीच्या नावावरची शुगर

२ सप्टेंबर, सकाळी ७
काल चंद्रपूरच्या शिबिरात तपासणी केली. रात्रीतून पाचदा उठतो, ते पाणी जास्त पितो म्हणून. तरी वाचणाऱ्या माणसाने तपासणीला भिऊ नये. फॉर्मवर नाव, गाव मात्र सोमाजीचे लिहिले. आहार-आरोग्यावर माझी चाळीस व्याख्याने झालीत. वक्त्यालाच आजार निघाला तर चळवळीचे नुकसान. सोमाजी बालमित्र, ठणठणीत. त्याचे काय बिघडते?

९ सप्टेंबर
बिघडले. त्याच्या गावची आशा कार्यकर्ती रीना रिपोर्ट आणि गोळ्या घेऊन थेट सोमाजीकडे. शुगर २८०, प्रोस्टेट वाढलेले. तो म्हणाला, मी शिबिरात गेलोच नाई. त्याची बायको बायनाबाई म्हणाली, "वावरात जातो म्हून कुठी कुठी जाते, मले सांगतच नाई! आता रोग लपवून राह्यला!" उद्या खरे सांगणार. नक्की.

१० सप्टेंबर
सांगायलाच गेलो होतो. पण सोमाजीनेच विचारले, "भाऊ, तू शिकलेला. खाऊ का गोळ्या?" विज्ञाननिष्ठेवर पाऊण तास बोललो. मध्ये तीनदा बाहेर जावे लागले. त्याला पटले. फारच पटले.

१८ सप्टेंबर
बायनाबाईने जेवायला बोलावले. सोमाजीचा भात बंद. जन्मभर धान पिकवलेला माणूस कोरडी भाकर चावत माझ्या ताटाकडे पाहत होता. अपराधी वाटले. कमी जेवणार होतो. पण मासोळीचा रस्सा होता, आणि त्याच्या वाट्याचा भात उरला होता. दोनदा घेतला. उद्यापासून मीही भात सोडणार.

१ ऑक्टोबर
सोमाजी शेताच्या धुऱ्यावर चक्कर येऊन पडला. रीनाने शुगर मोजली, ५२. साखरपाणी पाजले. आज त्याच्या घरी सगळ्यांसमोर कबुली. मुद्दे काढलेत: सत्य, धैर्य, आत्मपरीक्षण.

१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
"मित्रहो" म्हटले आणि घाई लागली. मोरीत दहा मिनिटे उभा. बाहेर बायनाबाईचा आवाज: "भाऊजी आल्यापासून चौथ्यांदा गेले. रीना, शुगर नेमकी कोनाची हाय वो?"
परतलो. रीनाने माझे बोट मागितले. ३१०.
गोळ्यांची पिशवी बायनाबाईने माझ्यापुढे ठेवली. सोमाजी खाटेवरून एवढेच म्हणाला, "नाव घेतलं त घेतलं, भाऊ. माझा भात काऊन खाल्ला?"