दरडीची ओटी

माय, आज खदानीवरून आलो, हातपाय धुतले आणि तुझ्याशीच बोलावंसं वाटलं. घरात ऐकायला दुसरं कोणी नाही. तुझी सून गेल्या पौषात गेली, पोरं नागपुरात शिकायला आहेत. तू जाऊन तर इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझं बोलणं आठवावं लागतं.

देऊळगाव राजाच्या रस्त्याला मुरूम पुरवायचा ठेका बाबांकडे होता आणि मी नुकताच त्यांच्या हाताखाली जायला लागलो होतो. मिरगाआधी रस्ता झाला नाही तर ठेका दुसऱ्याला देईन, असं बांधकाम खात्याचा साहेब तोंडावर सांगून गेलेला. चैत्राचं ऊन. तू भाकरी घेऊन येतेस, डोक्यावरची पाटी उतरवतेस आणि समोरच्या दरडीकडे बघत उभी राहतेस. दरडीला भोकंच भोकं, आणि वेडे राघू चोचीत चतुर धरून त्यांत शिरताहेत. "उद्या इथंच टिकाव घालाचा हाय," बाबा म्हणाले. "आत पिल्लं हायेत ना हो," तू म्हणालीस. "मंग? पाखरापायी ठेका सोडू का मी?" तू रिकामी पाटी उचलून घराकडे चालू लागलीस. तू गप्प झालीस की एरवी बाबांना धसकाच बसायचा. त्या दिवशी कामाच्या घाईत त्यांच्या ध्यानात आलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मजूर यायच्या आत तू खण, नारळ आणि गहू घेऊन खदानीवर गेलीस. माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीची भरावी तशी तू त्या दरडीची ओटी भरलीस, हळदकुंकू लावलंस आणि घरी येऊन भाकरी थापायला बसलीस. मजुरांनी ओटी पाहिली आणि टिकाव खाली ठेवले. "बाळंतिणीच्या घरावर टिकाव कसा मारू, मालक?" त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली. बाबा तरातरा घरी आले. "काऊन भरली ओटी? मले बुडवाले निंगाली का तू?" तव्यावरची नजर न काढता तू म्हणालीस, "बाळंतिणीले घराबाहेर काढाची रीत हाय का आपल्यात?" बाबा आल्या पावली खदानीकडे परतले. मला हसू आवरेना, म्हणून मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

मग मागची बाजू खोदावी लागली. तिकडं नुसता खडक. बाबांनी स्वतः सब्बल धरली, साहेबानं चारचौघांत झापलं तेही ऐकून घेतलं, आणि शेवटच्या गाड्या मिरगाच्या तोंडावर वळवाच्या चिखलातून कशाबशा रस्त्याला लागल्या. ठेका राहिला, पण तोवर ते तुझ्याशी नीट बोलले नाहीत. एका संध्याकाळी पानावर बसल्यावर म्हणाले, "निंगाली का तुई बाळंतीण?" तू पदर तोंडाला लावून हसलीस आणि त्यांना न विचारता पिठलं वाढलंस. पुढं दर चैत्रात बाबाच विचारायचे, ओटीचं सामान आणलं का म्हणून. तुझ्यामागं तुझ्या सुनेनं ते चालवलं. ठेकेदारी मला बाबांनी शिकवली, पण माझ्या खदानीतून दर साली पिल्लं उडतात ते तुझ्यामुळं, आणि त्याचं मला फार सुख आहे, माय.

यंदा राघू आले, दरडीला भोकं झाली. आजपासून टिकाव तिथंच पडणार होता. काल मजुरणींना म्हटलं, तुम्हीच भरा कोणी. "घरच्या बाईनं भराची असते, मालक. आमी कशी भरू?" माझ्या घरची बाई कुठून आणू? आज सकाळी मीच गेलो. साऱ्या बाया बघत उभ्या. खण उलगडला, गहू घातले, नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं. हसलं कोणी नाही. टिकाव घेऊन सगळे आपणहून मागच्या बाजूला गेले.

हे पत्र लिहिलं खरं, पण टाकणार कुठं? उद्या चुलीत घालीन. एक मात्र सांगतो. ओटीतल्या नारळाची शेंडी कोणीकडं करतात, ते मी तुला कधी विचारलंच नाही. मी दरडीकडं केली.