दादा कायम झाला

आई,

वनमालामावशीकडून तू येशील तेव्हा आम्ही घरी नसू. दादाला मरोळच्या कारखान्यात आज कायम केलं! पत्र देवापुढे आहे, चष्मा लावून वाच. आम्ही डॉक्टरांना पेढे द्यायला गेलोय.

विमलाकाकू दार वाजवतील, त्याआधी हे वाच. पेढे घेताना त्यांनी विचारलं, "सहदेव, मध्ये सहा महिने गावाला होतास ना रे?" दादा म्हणाला, "नाही काकू, इस्पितळात होतो. सोळाव्या वर्षापासून मला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या अजून घेतो." सगळी गॅलरी ऐकत होती. मी खाली बघत होते, तो नाही.

दर वेळी तू गावाचं नाव सांगायचीस ते त्याच्यासाठीच, हे त्याला ठाऊक आहे. तो रागावलेला नाही. पण आता तसं सांगू नकोस.

सत्त्याहत्तर साली डॉक्टर म्हणाले होते, एवढ्या लहान वयात हा आजार झाला की नोकरी टिकणं कठीण. मी कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं होतं. तिथेही बहुतेक तसंच लिहिलं होतं, पण काही जण टिकतात असंही होतं. एका माणसावरून नियम ठरत नाही, हे मला कळतं. पण तो एक माणूस आपल्या घरात जेवतो!

भात झालाय, आमटी गरम कर. काकूंना घाबरू नकोस. सगळं ऐकून त्या दादाला एवढंच म्हणाल्या, "मेल्या, नोकरी कायमची आणि पेढा एकच?" आणि डब्यातून आणखी दोन उचलले.

अनुपमा