खुब्याचं ऑपरेशन आणि डोक्याची टेस्ट

३ मार्च, सोमवार
खुब्याचा सांधा बदलायचं नक्की झालं. पुढच्या मंगळवारी, अकरा तारखेला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी (आमच्या लेकीहूनही लहान) समोर बसवून समजावलं. सत्तरीनंतर मोठ्या ऑपरेशनने अंगात दाह होतो, त्याची झळ मेंदूलाही लागू शकते आणि काही पेशंट थोडे दिवस भ्रमात जातात. बहुतेक बरे होतात म्हणे. बहुतेक!
आणि उपाय काय? नीट झोपा, पाणी प्या, मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका, चष्मा आणि कानाचं मशीन जवळ ठेवा, ऑपरेशननंतर लवकर चालायला लागा. हे काय उपाय झाले? शिवाय मला व्यवस्थित ऐकू येतं. हल्लीचे लोक पुटपुटतात, त्याला मी काय करणार?
भीती वगैरे नाही. हात गार पडले होते, पण हवाच गार होती. घरी आल्यावर हिने पंखा लावला.

४ मार्च, मंगळवार
सकाळपासून अण्णा आठवतायत. माझे थोरले भाऊ. पोटाच्या ऑपरेशननंतर पलंगावर बसून बोटीची वाट बघायचे. वहिनींकडे तिकीट मागायचे. पुढे बोट गेली, पण पूर्वीचे अण्णा पुरते परत आलेच नाहीत. पत्ते खेळताना हुकूम कोणता ते विसरायचे. 
पण मी म्हणजे अण्णा नव्हे. मी जन्मभर ड्रायव्हिंग लायसन्सच्या टेस्ट घेतल्या. निम्मं गाव नापास केलं. डोकं शाबूत ठेवणं हाच माझा धंदा.

५ मार्च, बुधवार
मोठी बातमी. वरच्या मजल्यावरचे मास्तर त्याच हॉस्पिटलात गुडघा बदलून आलेत. ते म्हणाले, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर डोक्याची टेस्ट घेतात. वार, तारीख, ठिकाण आणि लक्षात ठेवायला तीन शब्द: लिंबू, किल्ली, घोडा. मास्तरांना हेच, शेजारच्या पेशंटलाही हेच. पेपर फुटला!
पाठांतर सुरू. मंगळवार, अकरा मार्च. हॉस्पिटल, तिसरा मजला. लिंबू, किल्ली, घोडा.
हिचं म्हणणं, टेस्टचा रस्ता पाठ करून येणारा दुसऱ्याच वळणावर भिंतीवर गाडी घालतो, असं तुम्हीच सांगायचात ना? हिला नको तेव्हा नको ते आठवतं.

८ मार्च, शनिवार
झोप कमी झालीय, पण पाठांतर पक्कं. पाणी राहून जातं. उद्यापासून नक्की.
हिला ट्रेनिंग दिलं. समजा, ऑपरेशननंतर मी विचारलं, कोण तुम्ही? तर शांतपणे सांगायचं, मी तुमची बायको. रडायचं नाही, पेशंट बिथरतो. हिने म्हणून दाखवलं. आवाज कापला. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा कापला. ट्रेनिंग अर्धवट सोडलं, कारण ही वेळ येणारच नाहीय.

१० मार्च, सोमवार
ॲडमिट झालो. टेस्ट झाली. नर्सने ‘लिंबू’ म्हणताच किल्ली नि घोडा मीच सांगून टाकले. ती बघतच राहिली.
डॉक्टरीणबाईंनी कानाच्या मशीनचं विचारलं. घरी राहिलं, म्हणालो. कपाटात मोज्यांखाली राहिलंय. मीच ठेवलंय.
 हिने हात धरला, तो सोडवून घेतला. घाम कळला असता.

११ मार्च, मंगळवार
ऑपरेशन झालं. डोकं लख्ख. नर्सने वार विचारला. मंगळवार! पास.

११ मार्च, मंगळवार
उजाडलं. मंगळवार चालूच आहे. नर्स काहीतरी पुटपुटली. लिंबू, किल्ली, घोडा, असं ठणकावून सांगितलं. तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. हुशार पेशंट बघायला येणारच.

११ मार्च, मंगळवार
आज टेस्टला फार गर्दी. स्ट्रेचरवाला: वळताना हात दाखवला नाही. नापास. माझ्या गाडीच्या गिअरला नळी लोंबतेय, देखभाल शून्य. पाणी देतात. पिणार नाही. त्यात काहीतरी आहे.
एक बाई शेजारी येऊन बसली. कोण तुम्ही, विचारलं. तोंड हलतं, आवाज नाही. उमेदवाराने स्पष्ट बोलावं. नापास. गाडीतून उतरा म्हणालो. उतरली.
भिंती जवळ येतायत. ब्रेक लागत नाही. अण्णा म्हणतात, बोट आली. मला नाही बसायचं बोटीत. मला घरी न्या कुणीतरी.

१६ मार्च, रविवार (तारीख हिला विचारून लिहिली)
लेकीने सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी पाठांतरावर निभावलं. पुढे वार बदलला, मी नाही बदललो. डॉक्टरीणबाईंनी वेगळे शब्द दिले, तरी लिंबू, किल्ली, घोडाच. पितळ उघडं पडलं.
मग ही घरी गेली आणि मोज्यांखालून मशीन घेऊन आली. तिला जागा आधीपासून ठाऊक होती. कानात मशीन, डोळ्यांवर चष्मा, खिडकीचा पडदा बाजूला. घोटघोट पाणी पाजलं. दोन्ही बाजूंनी धरून मायलेकींनी चालवलं. रात्री दिवे घालवून झोपू दिलं. हळूहळू भिंती आपापल्या जागी गेल्या. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलेले तेच सगळे साधे उपाय.
मला आठवणारं पहिलं वाक्य म्हणजे, मी तुमची बायको. शांतपणे, शिकवल्याप्रमाणे. लेक म्हणते, त्याआधी आईने ते कितीदा तरी म्हटलं होतं. दर वेळी मी तिला नापास केलं. दर वेळी ती लिफ्टपाशी जाऊन रडायची, तोंड धुऊन परत यायची आणि पुन्हा स्टुलावर बसायची.
हे ऐकल्यापासून हिच्याकडे बघवत नाही.

२५ मार्च, मंगळवार (खराखुरा)
तपासणी. नवे तीन शब्द. दोन आठवले. तिसरा काही केल्या येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, सुधारणा आहे. मी तर असं कुणालाच पास केलं नसतं. ही शेजारीच होती. तिला शब्द ठाऊक होता, पण सांगितला नाही. परीक्षकाची बायको.
घरी येताना तिला म्हणालो, मला भीती वाटते. इतके दिवस इथे लिहिलं नाही तेही म्हणालो, की सुरुवातीपासून वाटत होती. आणि माझंही अण्णांसारखं झालं तर?
तिने विचारलं, म्हणून दाखवू का पुन्हा?
दाखव, म्हणालो.
तिने म्हणून दाखवलं, मी तुमची बायको. या वेळी आवाज जराही कापला नाही. इतका सराव झालाय तिला.
मशीन कानात होतं, सगळं स्वच्छ ऐकू आलं. तिसरा शब्द अजून आठवत नाही.