काटा अर्ध्यावर

६ ऑक्टोबर, सोमवार

पिकअप तापली! छाणीहून वासण्याला जाताना, भर रस्त्यात, कुंड्यांसकट. बॉनेटमधून एवढी वाफ, की दोघातिघांनी चहाची गाडी समजून विचारपूस केली म्हणे. बाबांचा फोन — "काही नाही गं मृदुला, जरा विश्रांती घेतेय." विश्रांती! मी नर्सरीला कुलूप घालून रिक्षाने धावले.

परवाच्या दसऱ्याला काय कमी केलं होतं हिचं? संस्थानात तालुक्याचे अधिकारी असलेल्या पणजोबांची पाटाएवढी पितळी पाटी, 'वहिवाटदार' कोरलेली, बाबांनी चिंचेने घासून पुढच्या जाळीवर तारेने घट्ट बांधली. घराण्याचा मान! किलोमीटरचा आकडा चार लाखांवर लाजून थांबलाय, पण मान हवा.

तापमानाचा काटा बघितला नाहीत का, विचारलं. "बघितला की. अर्ध्यावर होता."

८ ऑक्टोबर

गॅरेजवाल्या भरतभाईंनी थर्मोस्टॅट बदलला. गाडी दुपारभर गॅरेजात गुणी मुलीसारखी चालली. "बेन, हवे टेन्शन नहीं!" अर्थात. टेन्शन रस्त्यावर.

१० ऑक्टोबर

तापली. काटा? अर्ध्यावर!

११ ऑक्टोबर

खोटारडा काटाच, असा निकाल लागला. नवा बसवला. भरतभाईंनी इंजिन मुद्दाम तापवून दाखवलं — काटा शहाण्यासारखा वर चढला. चला, घरात एक तरी खरं बोलणारं आलं.

१४ ऑक्टोबर

दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर, आणि बाबा तुळशीची कुंडी भलत्याच बंगल्यात देऊन आले. "लोक नंबर नीट लिहीत नाहीत." गेल्या महिन्यात गाडी ठोकली तेव्हा आमच्या गेटचा खांब 'पुढे आला' होता, तसंच. येताना गाडी तापली, हे सांगायला नकोच. काटा विचारण्यात अर्थ नव्हता, तरी विचारला. अर्ध्यावर! नवा काटाही यांच्याच वळणावर गेला म्हणायचा.

जेवताना म्हटलं, विकून टाकू हे धूड. बाबांचा घास हातातच राहिला.

"ही गेली की मी घरात बसून काय करू?"

आई गेल्यापासून ते घरात बसलेले मला आठवत नाहीत. मी त्यांच्या पानात भाजी वाढली. विकायचं काढलं कशाला, असं झालं.

१६ ऑक्टोबर

सापडलं! आज मी स्वतः गॅरेजात ठाण मांडून बसले. भरतभाईंनी काय करावं? आधी पाटी सोडली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली, देवाच्या फळीवर ठेवली. काम झाल्यावर हात धुऊन परत बांधली, वर उदबत्ती ओवाळली. मी बघतच राहिले. "अहो भरतभाई, आख्खी जाळी झाकली! वारा कुठून जाणार आत?"

"बेन, मने थयुं भगवाननुं हशे!"

देवाचं! म्हणून गाडी गॅरेजात थंड आणि रस्त्यावर गरम. थर्मोस्टॅट बदलला, काटा बदलला, आणि पणजोबा आपले रुबाबात वारा अडवून बसलेले. संस्थान गेलं तरी यांची वहिवाट काही सुटली नाही!

१७ ऑक्टोबर

पाटी दिवाणखान्यात. वासण्याच्या दोन खेपा, गाडी थंडगार. बाबा सकाळी रुसले होते, संध्याकाळी पेढे घेऊन आले. "सांगत होतो ना, गाडीला काही झालेलं नाही."

एकच खटकतंय. नवा काटा बरोबर चढत होता, मी डोळ्यांनी बघितलं. मग मंगळवारी गाडी तापली तेव्हा तो अर्ध्यावर कसा?

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

कुंड्या चढवल्या. बाबा स्टिअरिंगवर बसून माझ्यासाठी थांबले होते. खिडकीशी जाऊन सहज विचारलं, "बाबा, काटा कुठे आहे हो?"

मान पुढे घालून त्यांनी नीट बघितलं. "अर्ध्यावर."

किल्ली माझ्या हातात होती. गाडी सुरूच झाली नव्हती. काटा पार तळाला.

काटा, बंगल्याचा नंबर, गेटचा खांब — बाबांना नीट दिसतच नव्हतं! म्हटलं, "सरका. आज मी चालवते."

सरकले. बाबा — आणि वाद न घालता! म्हणजे त्यांना माहीत होतं.